नववे मस्टर

येडशी,
ता. ४ मे १९५८

प्रिय जैनोद्दीन यास बलभीमचा नमस्कार.

तुझे पत्र शुक्रवारी मिळाले. पत्ता तू 'बलभीम, हजेरी कारकून, तेल गिरणी' असा घातला आहेस. गिरणीला सील लागून दोन महिने होत आले. आता हजेरी कोणाची आणि कारकून कुठला? तू थट्टेने लिहिलेस की सवयीने, ते समजले नाही. पोस्टमन मात्र हसला.

जमिलाचाचींना पत्र वाचून दाखवले. त्यांनी तीनदा वाचायला लावले. हायकोर्टाच्या दगडी जिन्याचे आले की म्हणायच्या, "थांब. ते पुन्हा वाच." मग माणिकप्पा मुकादमाला हाक मारून त्याच्यासमोर चौथ्यांदा. माणिकप्पा म्हणाला, "चाची, जिना तर आपल्या गिरणीला बी हाय की." तर म्हणाल्या, "तुझ्या जिन्यावर तेल सांडलेलं असतं, मुडद्या. माझा जैनू काळ्या कोटवाल्यांच्या जिन्यावरनं चढतो." संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला तो जिना पाठ झाला. माझा घसा बसला.

तुझ्या पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका आहेत. वाचताना त्या ऐकू येत नाहीत, म्हणून चाचींना कळल्या नाहीत. आता मोठ्या कचेरीत आहेस, तेव्हा जपावे, एवढ्यासाठी लिहिले.

सील लागले तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बुडालेल्या कंपनीचा कारभार आवरायला कोर्टाने लिक्विडेटर नेमला, त्याचे साहेब मुंबईहून आले. कपाट उघडले तर निजामाच्या अमलातले सगळे दफ्तर उर्दूत आणि तारखा फसली सनातल्या. साहेब म्हणाले, "हे वाचणारा कोणी आहे का इथे?" मी दोन पावले पुढे आलो होतो. तू पाहिले असशील. सातवीपर्यंत मलाही उर्दूच होते. पोलीस ॲक्शनच्या वर्षी शाळा बंद पडली, त्याला माझा काय इलाज? छापील मी अजून वाचतो, हातचे लिहिलेले अडते, इतकेच. तू तर त्या दिवशी तुझे अब्बा, आपले लालमहंमदचाचा, गेल्यावर मागे राहिलेला त्यांचा डबा आणि सदरा न्यायला आला होतास. गिरणीत एक दिवस काम केलेले नाहीस. तरी साहेबांनी दोन ओळी वाचायला दिल्या आणि तुला घेऊन गेले.

गेल्या वर्षी तूच म्हणाला होतास, आता उर्दू शिकलेल्याने चणे विकावेत, निदान पुडीचा कागद तरी वाचता येईल. मी पोट धरून हसलो होतो. ते हसणे मला आता आठवते.

चाचींचे पाणी, चक्की, बाजार मी पाहतो. त्याची फिकीर नको.

तुझा,
बलभीम


मुंबई,
१६ मे १९५८

दोस्त बलभीम,

सलाम. अकरा चुका मोजल्यास, पण कोणत्या ते सांगितलं नाहीस. आता मी सगळ्याच शब्दांकडे संशयानं बघतो. हे पत्र लिहायला दुप्पट वेळ लागला, त्याचं पाप तुझ्या माथी.

थट्टा नव्हती, यार. तुझा दुसरा पत्ता मला सुचलाच नाही.

इथलं काम सांगतो. एका लांब खोलीत दप्तरांचे गठ्ठे आहेत, बुडालेल्या कंपन्यांचे. गिरण्या, बस कंपन्या, एक सर्कससुद्धा. आपल्या गिरणीचे गठ्ठे खिडकीपाशी. सोडले की पेंडीचा वास येतो. पहिल्या दिवशी तो वास आला अन् अब्बा कामावरून आल्यासारखं वाटलं. मी आजूर, बहमन असे महिने इंग्रजी तारखांत उतरवतो आणि शेजारचा टायपिस्ट मला "निजामसाहेब" म्हणतो.

आता कामाचं. हे माणिकप्पाला आणि सगळ्यांना सांग. दोन वर्षांपूर्वी कंपन्यांचा नवा कायदा आला. कंपनी बुडवायचा हुकूम निघाला की तीच सगळ्यांना कामावरून काढल्याची नोटीस धरतात. म्हणून कोणाला वेगळा कागद आला नाही. पण त्याच कायद्यात असंही आहे की गिरणी विकून जे हाती येईल त्यातून कामगारांचा शेवटच्या चार महिन्यांचा थकलेला पगार इतर उधारीवाल्यांच्या आधी द्यायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. सोलापूरचा एक भंगारवाला यंत्रं वजनावर मागतोय. पण बार्शीच्या एका तेलाच्या व्यापाऱ्यानं कोर्टात अर्ज दिला आहे की गिरणी मोडू नका, मी चालवतो, देणी हप्त्यांनी फेडतो. कोर्ट म्हणतं, ज्यांचं येणं आहे त्यांना विचारा. उधारीवाल्यांची सभा वेगळी, कामगारांची वेगळी. दोन्हीकडे निम्म्याहून जास्त माणसं हो म्हणाली पाहिजेत, आणि त्यांचं येणं एकंदर रकमेच्या चार हिश्शांत तीन हिस्से तरी भरलं पाहिजे. मग जज्ज मंजुरी देतील. उधारीवाले तयार आहेत. राहिले कामगार, आणि कामगार म्हणजे ज्याचं नाव यादीत आहे तो.

यादी करायची तर हजेरीचं मस्टर पाहिजे. तुझी मस्टरं मी बघितली. साहेबांनी शेजारच्या खोलीतल्या लोकांना बोलावून दाखवली, "पाहा, खेड्यातला कारकून कसं लिहितो." पण त्यात शेवटचं, म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्नचं, मला दिसत नाही. कुठल्या गठ्ठ्यात बांधलंस?

अम्मीला सांग, जिना आता पाठ झाला, एकोणचाळीस पायऱ्या आहेत.

जैनोद्दीन


येडशी,
ता. २३ मे १९५८

प्रिय जैनोद्दीन यास,

तुझे पत्र मिळाले. कायद्याचे सर्वांना सांगितले. माणिकप्पा रोज सकाळी डबा घेऊन गिरणीच्या बंद दारासमोर बसतो आणि पाच वाजले की उठतो, तो म्हणाला, "इंजिन वजनावर घालनार? त्यापरीस मला घाला म्हनावं काट्यावर." कोणी हसले नाही. मग त्याने विचारले, "जैनू तिथं हाय म्हंजे आपलं काम हुईल न्हवं?" सगळे हाच प्रश्न विचारतात. सहा वर्षे या लोकांची हजेरी मी लावली. कोण कोणत्या पायाने लंगडतो तेही मला ठाऊक आहे. आता ते मला पाहून तुझी चौकशी करतात.

मस्टराविषयी. सील लागले त्या दिवशी दफ्तराची यादी मीच सांगितली व साहेबांनी लिहून घेतली. हजेरी बुके, नग नऊ. यादीखाली पोच म्हणून तुझी सही आहे. तेव्हा नववे बुक कोठे आहे ते येथे मला विचारण्यापेक्षा तेथे पाहावे. मुंबईच्या कचेरीत सर्कशीचेही दफ्तर आहे म्हणतोस. गठ्ठे सोडताना-बांधताना एखादे इकडचे तिकडे झाले असेल. एवढ्या मोठ्या ठिकाणी होते असे.

माझ्या अक्षराबद्दल साहेब बोलले, ते वाचले. अक्षर चांगले असून उपयोग काय, ते मात्र ते बोलले नसावेत.

चाचींना एकोणचाळीस पायऱ्या सांगितल्या. त्यांनी बोटांवर मोजून पाहिल्या.

बलभीम


मुंबई,
९ जून १९५८

दोस्त बलभीम,

हे पत्र अम्मीला वाचून दाखवू नकोस. तिला सांग, जैनू बरा आहे, भात खायला शिकला.

सगळे गठ्ठे दोनदा सोडले. सर्कशीचेसुद्धा. मस्टरं आठच आहेत. साहेबांनी काल बोलावून यादी पुढे ठेवली. "नग नऊ. सही कोणाची?" म्हणालो, माझी. "मोजून घेतले होते?" म्हणालो, नाही. "का नाही?"

यावर मी काय सांगणार? सांगायला बलभीम होता, म्हणून मोजले नाहीत. बलभीमनं नऊ सांगितले म्हणजे नऊ. हे त्यांना कसं कळावं? ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की कंपनीचं बुक दडवणं किंवा नाहीसं करणं हा गुन्हा आहे. भंगारवाल्याला ते बुक नसलेलं बरं, आणि माझ्यासारख्या माणसाला कोणीही चहा पाजू शकतो. तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला आहे. मी लिहिला, हरवलं, चूक माझी.

कामगारांचे दावे ३१ जुलैपर्यंत दाखल झाले पाहिजेत. मस्टर नसेल तर नुसत्या तोंडी सांगण्यावर साहेब यादी करणार नाहीत. यादी नाही तर सभा नाही. चौऱ्याऐंशी माणसं, बलभीम.

एकदा आठवून बघ, यार. गिरणीच्या ऑफिसात, टेबलाखाली, तेलाच्या डब्यांमागं, कुठंही.

जैनोद्दीन


येडशी,
ता. १७ जून १९५८

प्रिय जैनोद्दीन यास,

तुझे पत्र चाचींना वाचून दाखवले. तू नको म्हणाला होतास, पण पाकीट त्यांच्यासमोरच फोडले, आणि वाचता वाचता वगळणे मला जमत नाही. जे लिहिलेले आहे ते आहे. त्या रडल्या नाहीत. मी निघालो तेव्हा चुलीत लाकूड सारत होत्या, आणि जाळ तर पेटलेलाच होता.

टेबलाखाली वगैरे काही नाही. ऑफिसला कोर्टाचे सील आहे. मी खिडकीतून पाहिले.

तू लिहितोस, सांगायला बलभीम होता म्हणून मोजले नाहीत. हे वाचून मला बरे वाटावे असे तुला वाटले असेल. बरे वाटले नाही. कोणावर भरवसा ठेवणेही तुलाच परवडते. तुझी चूक झाली तर लोक म्हणतात, पोरगा भोळा आहे. माझी झाली असती तर माणिकप्पासुद्धा म्हणाला असता, कारकुनाचं काम एकच, तेही नीट नाही.

तुला एक सांगायचे राहिले होते. चाचा आजारी पडले तेव्हा तू हैदराबादेत नोकरी शोधत होतास. सोमवार २० जानेवारीपासून ते उठले नाहीत. रोज सुटी झाली की मी जात होतो. पाय चेपत होतो, डॉक्टरांची पुडी पाण्यात कालवून देत होतो. माझे वडील मी पाच वर्षांचा असताना गेले, गिरणीत मला चाचांनीच लावले, हे तुला माहीत आहे. ते डोळे उघडून मला पाहायचे आणि म्हणायचे, "जैनूचं खत आलं का?" खत आलेले नसायचे. रोज हेच. एक दिवस मी म्हणालो, "चाचा, मी बलभीम." तर म्हणाले, "व्हय रे, ठाऊक हाय. जैनूचं खत आलं का?"

हे तुला दुःख व्हावे म्हणून लिहिलेले नाही. का लिहिले ते मला सांगता येत नाही.

तुझे उर्दूचे काम आता सरतच आले असेल. नोकरीवरून काढतील तर घरी यावे. चाचींना बरे वाटेल. इथे सगळेच बसून आहेत, त्यात एक.

बलभीम


मुंबई,
५ जुलै १९५८

बलभीम,

३१ जुलै हा माझा शेवटचा दिवस. साहेबांनी चांगुलपणानं महिना पुरा करू दिला. १ ऑगस्टला निघेन, कुर्डुवाडीहून छोट्या गाडीनं. स्टेशनवर येऊ नकोस, सामान काहीच नाही.

अब्बांचं लिहिलंस ते वाचलं. पुन्हा वाचलं. पत्र मी का टाकलं नाही ते सांगतो. नोकरी मिळाली नव्हती, आणि मिळाली नाही असं अब्बांना लिहायची लाज वाटत होती. उद्या मिळेल, मग लिहू, असं करत गेलं.

एक गोष्ट आठवते. महिनाअखेरीला तू मस्टर घरी न्यायचास. रोजची हजेरी पेन्सिलनं लावायची आणि महिना संपला की घरी निवांत बसून ती शाईनं गिरवायची. तुझ्या आई दगडाबाई म्हणायच्या, "ह्याचं लगीन त्या बुकासंगंच लावते." फेब्रुवारी संपला तेव्हाही तू हेच केलं असशील. मग दहाच दिवसांनी सील लागलं.

मी काही विचारत नाही. साहेबांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

जैनोद्दीन


येडशी,
ता. १४ जुलै १९५८

जैनू बेटा, तुझ्या अम्मीची लई लई दुवा. मी सांगते तसंच बलभीम लिहितोय. एक अक्षर खाली-वर करायचं न्हाय म्हणून त्याच्या गळ्याची आन घातली हाय. तुझं मागचं खत त्यानं मला वाचून दाखवलं, पण मधीच थांबला अन् पाणी प्याला, तवाच मला कळलं का निम्मं पोटात ठेवलंय. ठेवू दे.

तुला घरी धाडायला लागले ते बुक न्हाय म्हणून. बुक मला ठाऊक हाय कुठं हाय ते. दगडाबाईच्या घरी कणगीवर, लाल फडक्यात. मी जवारी मागाय गेले तवा बघितलं. मार्चापास्नं ठाऊक हाय.

बलभीम थांबलाय. लिव्ह रे. आता का थांबलास? लिव्हता येतंय की तुला.

मी का बोलले न्हाय ते ऐक. तुझे अब्बा पडले तर ह्यानं त्यांची हजेरी तशीच लावली, कामावर आल्यागत. पगार मांडला जावा म्हणून. अब्बांना ह्यानं सांगितलं न्हाय, पण माणिकप्पा बोलून गेला. त्या रातीला अब्बा मला म्हणले, "ह्या पोरानं जल्मात रेघ वाकडी काढली न्हाय, अन् माझ्यापायी रोज खोटं लिहितंय. संध्याकाळी येतंय अन् पायाकडं बसतंय. डोस्क्याकडं बस म्हणलं तर बसत न्हाय." त्यांना वाटायचं तू लौकर यावास, म्हंजे ह्याचं खोटं लिहिणं थांबंल. म्हणून रोज विचारायचे तुझं खत आलं का.

बुक साहेबाच्या हाती गेलं तर ह्याला धरून नेतील असं मला वाटलं. म्हणून गप ऱ्हायले. तुझी नोकरी काय, दुसरी मिळंल. पण सकाळी माणिकप्पा त्या दारापुढं डबा घेऊन बसतो ते मला बघवत न्हाय. मला त्या खोट्या हजेरीच्या तेवीस दिसाचे पैसे नकोत. माणसं मरतात तवा हजेरी लागत न्हाय, ते मला कळतं. पुढं काय करायचं ते तुमी दोघं शिकलेले हाव, तुमी ठरवा. पर एकमेकाला इचारून ठरवा.

जमिलाबी, अंगठा तिचाच हाय.

*

जैनोद्दीन, यापुढचे माझे.

चाचींनी सांगितले तसे लिहिले आहे. त्यांच्या बोलण्यातले एक अक्षर सुधारलेले नाही. अक्षर मात्र खराब आले आहे.

मस्टर माझ्याकडे आहे. साहेब यादी घेत होते, तेव्हा माझ्या तोंडून नऊ गेले, कारण मस्टरे नऊच होती. म्हटल्यावर आठवले की एक घरी आहे. तेव्हाच सांगितले असते तर साहेबांनी पान उघडले असते आणि चाचांच्या नावापुढचे तेवीस 'ह' पाहिले असते. गेलेल्या माणसाच्या नावापुढे, मुलासमोर. मी बोललो नाही. मार्चमध्ये ती भीती होती, हे खरे आहे.

मे महिन्यात ती भीती राहिली नव्हती. तू लिहिलेस, नववे मस्टर कुठे बांधलेस, तेव्हा मला आनंद झाला. पहिल्यांदाच तुला माझ्याशिवाय अडले होते. वाटले, अडू दे. साहेबांनी तुला दोष दिला तेव्हाही तो आनंद होता, आणि तो लपवण्यासाठी मी तुला चाचांच्या आजाराचे लिहिले. तू परत आलास की आपण दोघे सारखे होऊ, असे वाटत होते. तू चांगला वागलास की ते जास्त झोंबायचे. 'विचारत नाही' असे लिहिलेस त्या दिवशी मी जेवलो नाही. दयेपोटी नव्हे, रागाने.

मस्टर आज रजिस्टर पार्सलाने साहेबांच्या नावे धाडले आहे. सोबत अर्ज जोडला आहे. त्यात, यादी मी खोटी सांगितली, जैनोद्दीनचा दोष नाही, आणि २० जानेवारी ते १४ फेब्रुवारी लालमहंमद इंजिन मेस्त्री यांची हजेरी मी खोटी लावली, असे लिहिले आहे. जानेवारीचे अकरा 'ह' शाईचे आहेत. फेब्रुवारीचे बारा पेन्सिलचेच राहिले होते. रबर हातात घेतला होता. पण खोडलेली जागा उजेडात धरली की दिसते, आणि मग एकाही माणसाच्या हजेरीवर कोणी विश्वास ठेवला नसता. तसेच ठेवले आहेत.

पावतीचा नंबर जपून ठेवला आहे. धरायला आले तर मी घरीच आहे.

बलभीम


मुंबई,
२ ऑगस्ट १९५८

बलभीम,

मी गाडीत नाही, इथंच आहे. आधी ते सांगतो. उर्दूचं काम संपेपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत ठेवलं आहे.

पार्सल आलं. साहेबांनी अर्ज वाचला, मला बोलावून वाचायला दिला. मग मस्टर उघडून बराच वेळ पानं उलटत बसले. जानेवारीचं पान आलं तेव्हा बोटानं ओळ दाखवली. "हे तुमचे वडील?" म्हणालो, होय.

ते म्हणाले, "इथे येणारी बुके सगळी बिनचूक असतात. खोटी असतात आणि बिनचूक असतात. ज्याने आपले तेवीस खोटे बोट लावून दाखवले, त्याचे बाकीचे खरे धरायला मला हरकत नाही." तुला उस्मानाबादला जाऊन अर्जातला मजकूर शपथेवर लिहून द्यावा लागेल. तंबीचा कागद वेगळा येईल. फौजदारी ते करणार नाहीत. चौऱ्याऐंशी नावांची यादी ३१ तारखेला संध्याकाळी लागली. आदली रात्रभर मी ती टाईप होईपर्यंत बसलो.

ते तेवीस दिवस मात्र रद्द करायचे होते. साहेबांनी लाल शाईची दौत माझ्याकडे सरकवली. म्हणाले, तुम्हीच मारा, मी बाजूला सही करतो.

तू मला सगळं लिहिलंस, तर मीही लिहितो. लेखणी बुडवली आणि माझा हात चालेना. ते अब्बांसाठी नव्हतं. वीस जानेवारी, बावीस, सत्तावीस, एक फेब्रुवारी. प्रत्येक चौकोनात मला दिसत होतं की त्या दिवशी संध्याकाळी तू तिथं होतास. अब्बांच्या पायाकडं. हे खोटे 'ह' तुझी खरी हजेरी आहेत, बलभीम, आणि माझी तिथं एकही नाही. तू माझ्या जिन्यावर जळलास. मी तुझ्या त्या चौकोनांवर जळतो, आणि जन्मभर जळेन. आता बरोबरी झाली म्हण.

मग रेघा मारल्या.

सभा ३१ ऑगस्टला, रविवारी, उस्मानाबादच्या शाळेत. मला रजा नाही. साहेब मस्टर घेऊन येतील. माणसं ओळखायला तू लागशील.

अम्मीचं खत मी जपून ठेवलं आहे. तुझं अक्षर त्यात खरंच खराब आलं आहे.

जैनोद्दीन


येडशी,
ता. ७ सप्टेंबर १९५८

प्रिय जैनोद्दीन यास,

सभा झाली. चौऱ्याऐंशीपैकी एकोणऐंशी माणसे आली. काही दोन बैलगाड्या जुंपून गेली, उरलेली एसटीने. चाचांच्या नावावर चाची आल्या होत्या, हिरव्या लुगड्यात. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळ्यांला देतावं का खुर्ची? मग ऱ्हाऊ द्या."

मी टेबलाशी उभा राहून एकेकाला ओळखले. पितळी बिल्ल्याचा नंबर आणि नाव. एकदाही मस्टरात पाहावे लागले नाही. साहेबांनी आधी हात वर करायला सांगितले, तर धुळाप्पाने दोन्ही हात वर केले. साहेब म्हणाले, एका माणसाचे एकच मत. धुळाप्पा म्हणाला, "दुसरा हात बायकूचा हाय सायेब. ती बी शेंगा निवडाया हुती, आज तापानं पडलीया." सगळी शाळा हसली, साहेबही. बायकोचा हात मात्र त्यांनी धरला नाही. मग कागदावर सह्या आणि अंगठे. सत्त्याहत्तर बाजूने, दोन विरुद्ध. ते दोघे कोण, ते सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी त्यांना काही बोलले नाही. जज्जसाहेबांची मंजुरी यायची आहे, पण बार्शीचे व्यापारी परवा येऊन इंजिन पाहून गेले. माणिकप्पा आता दारासमोर बसत नाही. घरी बसून कंटाळा आल्याचे सांगत फिरतो.

व्यापाऱ्यांनी मला सांगितले की सर्वांना कामावर घेऊ, तुम्हालाही घेऊ, पण हजेरीवर नाही. काट्यावर. हजेरी माणिकप्पाचा श्रीमंत नावाचा जावई लिहील. त्याचे अक्षर मी पाहिले आहे. शिरोरेघ सोडून लिहितो. मी बरे म्हणालो. दुसरे काय म्हणणार? घरी आलो आणि आईवर ओरडलो. म्हणजे स्वभाव गेलेला नाही, हे तुला कळावे.

आता जे लिहायला बसलो ते.

सभा संपली, लोक पाणी प्यायला बाहेर गेले. मस्टर टेबलावर होते. साहेबांना विचारून मी जानेवारीचे पान उघडले. सहा वर्षांत त्या बुकांत माझ्याशिवाय कोणी लेखणी टेकवलेली नव्हती. तुझी लाल शाई पाहून पहिल्यांदा काय वाटले ते खरे सांगतो. वाटले, इथेही हाच.

मग मी रेघा मोजल्या. अकरा, पान उलटून बारा. तेवीस. पेन्सिलच्या 'ह' वर लेखणी टोचेल म्हणून तिथे हलक्या हाताने मारल्या आहेस, कागद कुठे फाटलेला नाही. 'ह' रेघेखालून अजून वाचता येतात. आणि एकही रेघ चौकोनाबाहेर गेलेली नाही. मी मारल्या असत्या तरी याहून सरळ आल्या नसत्या.

पट्टी लावली होतीस की नुसत्या हाताने मारल्यास, तेवढे कळव.

बलभीम